माळ्यावरची ट्रंक, मोडीतली सनद आणि ‘रद्दीतली’ चोपडी

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीकडच्या जुन्या घराचा माळा उतरवताना पत्र्याची एक ट्रंक निघाली. तीत लाल फडक्यात बांधलेले पन्नास-साठ मोडी कागद आहेत. त्यांतला एक लांबलचक आणि शिक्क्यांचा, घरात सगळे त्याला ‘सनद’ म्हणतात. लाल समासरेषांची एक संस्कृत पोथी आहे, तिच्यात दोन रंगीत चित्रं आहेत. आणि १८९०च्या आसपासची, कातडी पुठ्ठ्याची हिशेबाची एक जाड चोपडी. विचारलंय असं: सनद किती जुनी ते कार्बन डेटिंगने कळेल का? सनद आणि पोथी झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घ्यावी का? कसर लागली आहे, तर सगळं दोन दिवस उन्हात घालून, डांबरगोळ्या टाकून परत ट्रंकेत ठेवलं तर चालेल का? आणि जाता जाता एक वाक्य: ‘चोपडीत काही विशेष नाही, ती रद्दीतच जाईल.’

तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, पण का नाही ते सांगायला हवं. सुरुवात मात्र त्या शेवटच्या वाक्यापासून करतो. कारण तुम्ही पाठवलेले फोटो पाहिल्यावर मला सनदेची फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती चोपडीची.

कागदाच्या जतनाचं काम मी गेली सव्वीस वर्षं करतोय. घरोघरच्या ट्रंका पाहिल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पेशवाईतला कागद हातात घेतला तर कापडासारखा वळतो. त्याच घरातली पणजोबांच्या काळातली वही उघडली की पानांच्या कडा पापडासारख्या मोडतात. जुनं ते नाजूक हा आपला समज इथे साफ उलटा पडतो. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद तागाच्या जुन्या दोऱ्या, गोणपाट, चिंध्या कुटून केलेला असे. तंतू लांब. लगदा चुन्याच्या पाण्यात मुरवलेला, त्यामुळे कागदात थोडा क्षार राहिलेला. वरून खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटलेला. असा कागद शतकानुशतकं टिकतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ज्या तीस ऋग्वेद हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदवहीत नोंद झाली, त्यांतलं एक भूर्जपत्रावर आहे आणि बाकीची कागदावर. सगळ्यात जुनी नोंदलेली तारीख इ.स. १४६४ची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला गिरणीचा कागद. लाकडाचा लगदा, आखूड तंतू, त्यात लिग्निन म्हणजे लाकडाला घट्टपणा देणारं द्रव्य, आणि शाई फुटू नये म्हणून तुरटी व राळ. तुरटीतून हळूहळू आम्ल तयार होतं. कागद म्हणजे मुळात सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. आम्ल आणि दमट हवा मिळून त्या साखळ्या मधेमधे कापत राहतात. साखळी आखूड झाली की कागद वाकत नाही, तुटतो. यात कीड नाही, बुरशी नाही, कुणाचा निष्काळजीपणाही नाही. कागद तयार झाला त्याच दिवशी ही झीज सुरू झालेली असते.

आता त्या चोपडीतली शाई. फोटोत अक्षरं तपकिरी दिसतात, आणि जिथे टाक दाबून लिहिलंय, म्हणजे बेरजेखालच्या दुहेरी रेघा, तिथे पानाच्या मागच्या बाजूलाही तपकिरी छाया उतरली आहे. एका ठिकाणी तर रेघेच्या जागी फटच आहे. ही हिराकशीची शाई. हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. ते आणि हिरडा किंवा माजूफळातलं टॅनिन एकत्र आलं की काळी शाई तयार होते. लिहिताना फिकट, हवेत काळी, आणि शंभर वर्षांनी तपकिरी. तिच्यात गंधकाम्ल तयार होतं, शिवाय टॅनिनशी न जुळलेलं जास्तीचं लोह मोकळं राहतं. आम्ल साखळ्या कापतं आणि लोह हवेतल्या प्राणवायूशी मिळून जाळण्याचं काम करतं. आधीच अशक्त कागद, त्यात ही शाई. शेवटी अक्षरं पानातून गळून पडतात आणि पानाची जाळी उरते.

हे नुसत्या नजरेने सांगता येतं, पण उपाय करायच्या आधी खात्री करून घेतात. खात्री करायची पद्धत फार साधी आहे. बाथोफेनॅन्थ्रोलिन नावाचं रसायन मुरवलेली कागदाची बारीक पट्टी मिळते. तिचं टोक किंचित ओलं करून, जास्तीचं पाणी टिपून, अक्षराच्या कडेवर अर्धा मिनिट टेकवायचं. मोकळं लोह असेल तर पट्टी गुलाबी होते. शाई कसली हे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातही कळतं. काजळाची शाई कुठल्याही तरंगलांबीला काळीच राहते, हिराकशीची मात्र फिकी पडत पडत हजार नॅनोमीटरच्या आसपास जवळजवळ दिसेनाशी होते. कागदाचं म्हणाल तर, पानातून आपणहून सुटलेला केसाएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पुरतो. फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब टाकल्यावर लाल झाला तर त्यात लाकडाचं लिग्निन आहे. आयोडिनने निळा झाला तर खळीचा स्टार्च आहे. यासाठी पानाचा कोपरा दुमडून पाहायची गरज नाही. ती जुनी चाचणी अजून काही जण करतात. कोपरा तुटला की ‘कमकुवत आहे हो’ म्हणतात. तुटला तो तुम्ही तोडला म्हणून.

चोपडीवर उपाय आहे. नेदरलँडमधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात तो बसवला. धान्याच्या कोंड्यात असतं त्या फायटिक आम्लाचं कॅल्शियमयुक्त द्रावण करून पान त्यात बुडवतात, ते मोकळ्या लोहाला धरून ठेवतं. मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बुडवलं की आम्ल मरतं आणि पुढच्या आम्लासाठी थोडा क्षार कागदात शिल्लक राहतो. पण ‘बुडवणं’ हा शब्द मी फार जपून वापरतो, त्यामागे माझीच एक गोष्ट आहे.

कामाला लागून चार वर्षं झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक खरेदीखत होतं. नियमाप्रमाणे मी शाई तपासली: एका अक्षराच्या टिंबावर पाण्याचा सूक्ष्म थेंब, अर्धा मिनिट थांबायचं, टिपकागद दाबायचा. टिपकागद कोरा आला. तीन ठिकाणी केलं, तिन्ही कोरे. पान पाण्यात सोडलं आणि वीस सेकंदांत कोपऱ्यातून जांभळा धूर निघावा तसा रंग पसरायला लागला. पानाच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, रबरी शिक्का होता. तो शिक्का होता ॲनिलिन रंगाच्या शाईचा. मी फक्त अक्षरं तपासली होती. पान झटकन काढलं, तरी त्या खरेदीखताचा खालचा चतकोर आजही फिकट जांभळा आहे. मालकांना जाऊन सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘शिक्का वाचता येत होता तोवर बरा होता.’ तेव्हापासून पानावर जितक्या प्रकारची शाई, रंग, रेघ, शिक्का असेल तितक्या चाचण्या, आणि मागची बाजू आधी.

म्हणून चोपडी घरी कुणी धुवायची नाही. आज तुम्ही एवढंच करायचं: तिला फार न हाताळता सपाट ठेवायची, पानं पुन्हा पुन्हा उलटायची नाहीत, आणि फोटो सगळ्यात आधी तिचे काढायचे. सनदेला शंभर वर्षं घाई नाही, चोपडीला आहे. आणि ‘काही विशेष नाही’ म्हणता ते कोणत्या हिशेबाने? भाताचे भाव, मजुरी, गलबताचं भाडं, लग्नात कुणाला किती आहेर, हे सगळं वर्षानुवर्षं एका हाताने लिहिलेलं दुसरीकडे कुठे सापडणार? सनदेची नक्कल एखाद्या सरकारी दप्तरात असू शकते. चोपडीची नक्कल कुणीच केलेली नाही.

आता सनद. कार्बन डेटिंगबद्दल मला महिन्यातून एकदा तरी विचारतात. वनस्पती जिवंत असताना हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ घेते. ती मेली की तो घटू लागतो, ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरला किती त्यावरून वय काढतात. नवीन यंत्रांना नमुना अगदी थोडा, काही मिलिग्रॅम पुरतो, आणि दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये ही सोय आहे. अडचण यंत्राची नाही, काळाची आहे. हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं, म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांवरून बांधलेल्या आलेखाशी उत्तर ताडून पाहावं लागतं. हा आलेख साधारण १६५० ते १९५० या काळात इतका सपाट आणि वाकडातिकडा आहे, की १७६०चा कागद दिला तर उत्तर ‘सतराव्या शतकाचा शेवट, किंवा अठरावं शतक, किंवा एकोणिसावं’ असं येतं. पैसे गेले, कागदाचा तुकडा जाळला, आणि कळलं काय, तर जे आधीच माहीत होतं ते. अजिंठ्याच्या गिलाव्यातल्या तुसासाठी ही पद्धत कामाची असेल, मराठेशाहीतल्या कागदासाठी नाही.

आणि गरज तरी काय? तुमच्या सनदेच्या फोटोत तारीख आहे. मोडी वाचता येत नसेल तर ती दिसत नाही इतकंच. तिथे लिहिलंय ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’. हा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणारी कालगणना. आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून वर: इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. यात ५९९ मिळवले की इ.स. १७६०. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. तेव्हा कागद १७६०च्या पावसाळ्याच्या तोंडापासून १७६१च्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा. शेवटी ‘छ’ आणि पुढे ‘सफर’ दिसतं. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. त्या सालचा सफर महिना सप्टेंबर-ऑक्टोबर १७६०मध्ये पडतो, म्हणजे कागद पानिपतच्या तीन-चार महिने आधीचा. ही अचूकता जगातलं कुठलंही यंत्र देणार नाही.

तरी यंत्राला एक काम उरतं. कागदावर लिहिलेली तारीख ही लिहिणाऱ्याने सांगितलेली तारीख. हा मूळ कागद, की नंतरची नक्कल, की वतनाच्या भांडणात कुणी ‘तयार’ केलेला कागद? वतनाच्या भांडणात बनावट कागद निघणं हा काही आजचा शोध नाही. इथे मी चार साधनं वापरतो. त्यांतलं महाग एकही नाही. पहिलं, टॉर्च आडवा धरून कागदावर तिरका उजेड. घोटल्याची चमक, घड्यांचा क्रम, दाबून मारलेल्या शिक्क्याचा खड्डा, सगळं उठून दिसतं. दुसरं, तोच टॉर्च मागून. हातकागदात गवताच्या काड्यांच्या चटईच्या बारीक रेघा दिसतात, जलचिन्ह सहसा नसतं. इंग्लंडहून आलेल्या कागदात मात्र जलचिन्ह असतं, आणि १७९४नंतरच्या कागदात पुष्कळदा चक्क साल. ‘१७६०’च्या कागदात १८०८चं जलचिन्ह दिसलं तर पुढे बोलायचं कारणच नाही. तिसरं, अतिनील टॉर्च. साधारण १९५०नंतर कागदात पांढरेपणासाठी घालू लागलेली द्रव्यं त्यात निळसर चकाकतात. जुना घोटीव कागद मळकट पिवळा दिसतो. चौथं, दहापट मोठं करणारं भिंग. शाई सुकवायला अक्षरांवर भुरभुरलेल्या वाळूचे कण कधी कधी अजून चिकटलेले सापडतात. तसा कण दिसला की, खरं सांगतो, सव्वीस वर्षांनंतरही जरा थांबायला होतं.

लॅमिनेशनबद्दल मला राग येतो, तेवढा आवरून लिहितो. दुकानातलं लॅमिनेशन म्हणजे प्लास्टिकच्या दोन पत्र्यांच्या आतला गोंद उष्णतेने वितळवून कागदाच्या तंतूंत शिरवणं. तो परत काढता येत नाही. आतलं आम्ल आतच, ओल आतच. सनद म्हणजे एक कागद नव्हे, अनेक बंद, म्हणजे कागदाचे लांब तुकडे, एकाखाली एक चिकटवलेले असतात, आणि दोन बंदांच्या सांध्यावर मागच्या बाजूला शिक्का असतो. मधला बंद कुणी बदलू नये म्हणून. तुमच्या तिसऱ्या फोटोत तो अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्यावर उमटलेला स्पष्ट दिसतो. मशिनच्या रुळातून काढताना हे अडीचशे वर्षांहून जुने सांधे सुटतात, सरकतात आणि सरकलेल्या अवस्थेतच कायमचे बंद होतात. शिक्क्याची दोन अर्धुकं जुळली नाहीत की कागदाची साक्षच गेली.

याला इतिहास आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत विल्यम बॅरो या कागद-जतनकाराने सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा गरम दाबाखाली लावायची पद्धत काढली. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यातली उष्णता आणि यंत्र दोन्ही काढून टाकलं. पापुद्रा ठेवायचा आणि ॲसिटोनच्या बोळ्याने हातानेच विरघळवून बसवायचा. त्या काळाला ती मोठी युक्ती होती, आणि लाखो कागद तिने वाचवलेही. पण ॲसिटेट स्वतःच म्हातारं होतं, त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं. जुन्या लॅमिनेटेड फायली उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच. निदान ते ॲसिटोनने सोडवता तरी येतं. दुकानातल्याला तोही मार्ग नाही.

मग फाटलेलं जोडायचं कशाने? तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा जपानी कागद येतो, इतका पातळ की अक्षरावर लावला तरी वाचता येतं. तो गव्हाच्या सत्वाच्या पातळ खळीने लावायचा. ही खळ पाण्याच्या बाफेने पुन्हा सुटते, हाच तिचा गुण. आपले जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. कीड लागत नसे, पण मोरचुदातलं तांबंही लोहासारखंच कागद जाळतं. पन्नास वर्षांनी शिवणीच्या कडेने पान तपकिरी होऊन तुटतं. सेलोटेप, फेविकॉल, पिवळी चिकटपट्टी यांचं नाव घेत नाही. तुमच्या पोथीच्या शेवटच्या पानावर टेप दिसतेच आहे. ती ओढून काढू नका. अक्षर तिच्याबरोबर येईल.

पोथीकडे वळू. शाई काळी कुळकुळीत आहे, म्हणजे काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, ते उजेडाने उडत नाही, आम्लाने सडत नाही. पण डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून ही शाई पुसट होत नाही, पुसली जाते. ओलं बोट नको. नको म्हणण्याला दुसरंही कारण आहे. मधल्या काही ओळींवर पिवळा थर देऊन वर नवीन अक्षरं लिहिली आहेत. तो हरताळ. चूक झाली की लेखनिक हरताळ लावून मजकूर झाकत. ‘हरताळ फासणे’ आपण म्हणतो ते तिथूनच आलं. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. लाल रेघा बहुधा हिंगुळाच्या, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडच्या. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय इथे सोडायची, आणि हात धुवायचे. घाबरायचं मात्र कारण नाही. पोथी पाहिल्याने कुणाला विषबाधा होत नाही.

चित्रांसाठी क्ष-किरण प्रतिदीप्तीचं हातात धरायचं यंत्र वापरतात. नमुना न काढता रंगात कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगतं. पारा दिसला तर हिंगूळ, शिसं दिसलं तर शेंदूर किंवा सफेदा, आर्सेनिक दिसलं तर हरताळ. कार्बन त्याला दिसत नाही, आणि नीळ-लाखेसारखे वनस्पती-कीटकांचे रंगही नाहीत, त्यासाठी दुसऱ्या पद्धती लागतात. तुमच्या बाबतीत मला एकच शंका आहे. दुसऱ्या चित्रातल्या हिरव्याभोवती तपकिरी कडा आहे आणि मागच्या पानावर त्याच आकाराचा डाग. हे जंगाल असावं, तांब्याचा हिरवा रंग. तो कागदाला हिराकशीसारखाच खातो. तेवढं एक पान तज्ज्ञाला दाखवा. पोथीचं बाकी काही करायची गरज नाही.

आता कसर आणि ऊन. उन्हात अजिबात नको. उन्हाने कागद पिवळा पडतो, रंग उडतात, आणि ओला कागद एकदम सुकला की आक्रसून सुरकुततो. कसर तर सावलीच्या बाजूला सरकते एवढंच. डांबरगोळ्या वास देतात, अंडी मारत नाहीत, आणि त्या वासात माणसाने काम करू नये. कडुलिंबाची पानं पोथीत घालायची पद्धत आहे, पण सुकलेल्या पानाचा डाग पडतो. वेखंडाचे तुकडे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवले तर चांगलं, त्याचा किडीला उपद्रव होतो. तोही मारक नव्हे, पळवून लावणारा उपाय.

जिवंत कीड मारायला गोठवणं सोपं. मोडी कागदांचं गाठोडं धुतलेल्या सुती फडक्यात, मग एकात एक दोन प्लास्टिक पिशव्यांत घालून, हवा दाबून काढून, तोंड चिकटवून डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांना दोन आठवडे. फ्रिजमधला बर्फाचा कप्पा नाही, तो पुरेसा थंड होत नाही. काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी जमतं. पोथीला हे करू नका, रंगांचे पापुद्रे सुटू शकतात. पोथीसाठी प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या घालून हवाबंद पिशवीत तीन आठवडे ठेवतात, ते काम माहीतगाराकडून करून घ्या.

पण कीड हा दुसऱ्या नंबरचा शत्रू. कोकणात पहिला शत्रू हवा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला वाट मोकळी, आणि तुमच्याकडे जून ते सप्टेंबर ती ८५-९०ला असते. पत्र्याची ट्रंक अशा हवेत सगळ्यात वाईट. रात्री पत्रा गार पडतो, आत पाणी सुटतं, गंज चढतो, तो गंज कागदावर उतरतो. मोडी गाठोड्याच्या खालच्या चार कागदांवरचे तांबडे डाग त्याचेच. सुदैवाने तिथली शाई काजळाची आहे, अवरक्त फोटोत डाग नाहीसा होऊन अक्षरं राहतील. आमच्या आजोळी पोथ्यांची पेटी चुलीवरच्या माळ्यावर असायची. धुराने काळी झाली होती, पण आत कोरडी ठक्क. आता चूल नाही, फक्त माळा आहे आणि वर कौलं तापतात.

तेव्हा ट्रंक बाद. खोलीच्या आतल्या भिंतीलगतचं, न्हाणीघरापासून लांबचं, जमिनीपासून वर उचललेलं लोखंडी रंगवलेलं कपाट घ्या, भिंतीपासून वीतभर पुढे. नव्या प्लायवूडचं नको, त्यातून आम्लाची वाफ सुटते. बांधायला मांजरपाट, पण तीन-चारदा गरम पाण्यात धुवून खळ पूर्ण काढलेलं. खळ म्हणजे कसरीला आमंत्रण. जुनं लाल खारव्याचं फडकं टाकू नका, वेगळं ठेवा. लाल रंगाने कीड येत नाही असं म्हणतात. माझ्या मते काम करतं ते कापड आणि त्याची घट्ट गाठ: धूळ अडते, ओल झटकन आत शिरत नाही, आणि दाबामुळे पानं वाकत नाहीत. पोथ्यांच्या शेवटी लेखनिक ‘तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळ’ असं लिहून ठेवत. त्यातली सैल बांधणी आपण विसरलो. कपाटात एक आर्द्रतामापक ठेवा आणि पावसाळ्यात रोज आकडा लिहा. तो ६५च्या वर जायला लागला तर सिलिका जेल, किंवा जमलं तर खोलीत छोटा डीह्युमिडिफायर.

बुरशीचा फोटो पाठवलात त्यावर एक शब्द. पांढरी आणि मऊ, बोटाला पसरते ती जिवंत. कागद सावलीत, पंख्याच्या लांबच्या वाऱ्यात आधी कोरडा होऊ द्या, मग मास्क लावून मऊ ब्रशने घराबाहेर झाडा. ओल्या फडक्याने पुसलं तर ती तंतूंत शिरते.

गाठोड्यातल्या कागदांचा क्रम बदलू नका. कुणी कशाशेजारी काय ठेवलं हाही पुरावा असतो. प्रत्येकाला कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलने क्रमांक, मग दोन्ही बाजूंचा फोटो, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी मोजपट्टी ठेवून. वाचनासाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडी जाणणारे भेटतील. उपचारासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन केंद्रात किंवा लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेत विचारता येईल. जाताना मूळ कागद नेऊ नका, फोटो न्या.

आणि चोपडी आजच रद्दीच्या गठ्ठ्यातून काढून सपाट पाटावर ठेवा. पुठ्ठा सुटत असेल तर रबरबँड लावू नका, सुती नाडी सैल नाही आणि आवळूनही नाही अशी बांधा. पहिल्या दहा पानांचे फोटो काढून पाठवलेत, तर पट्टीची चाचणी कुठल्या रेघांवर करायची ते मी त्यावर खूण करून देईन.